आनाची जीभ आणि कतरीनबायचं मुसळ

करंजबावला येणारा पाहुणा आमच्या चर्चच्या घंटाघराखाली उभा राहून मान वर करतो आणि विचारतो, "एवढी मोठी घंटा, आणि आत लोलक कसा नाही? चोरीला गेला काय?" मग आमच्यातलाच एखादा दीडशहाणा हसून मान हलवतो, आणि पाहुणा आम्हाला चोरांच्या गावचे समजून परत जातो. हे ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. लोलक कुणी चोरला नाही. तो आमच्या लोकांनी स्वतःच्या हातांनी टाकून दिला. का टाकला ते ज्याला ऐकायचं असेल त्यानं बसावं, आणि ज्याला घाई असेल त्यानं आत्ताच उठावं, कारण कतरीनबायची गोष्ट अर्धी ऐकून उठलेला माणूस पुढे जाऊन भलतंच काहीतरी सांगत सुटतो.

फार वर्षांपूर्वी, खाडीवर पूल नव्हता आणि पलीकडे जायला होडीशिवाय वाट नव्हती तेव्हा, वसईच्या किनाऱ्यावरचं हे आमचं करंजबाव दोन ठिकाणी नांदत होतं. वरच्या अंगाला केळीच्या आणि पानवेलींच्या वाड्या, त्यांत कौलारू घरं, दारात विहीर आणि रहाट. खालच्या अंगाला खाजण, म्हणजे खाडीकाठची खारी जमीन, त्या खाजणात मिठागर, आणि मिठागराच्या कडेला गवतानं शाकारलेल्या झोपड्या. वरच्यांना वाडीवाले म्हणत, खालच्यांना मिठागरवाले. दोघांचा देव एक, देऊळ एक, पाद्री एक. आमची जुनी माणसं चर्चला देऊळच म्हणायची. फरक एवढाच, की देवळात वाडीवाले बाकावर बसत आणि मिठागरवाले जमिनीवर, आणि याचं कुणालाही काही वाटत नसे.

त्या काळी देवळात एक लहानशी घंटा होती. तिला धाकटी म्हणत. तिचा आवाज देवळाच्या अंगणाबाहेर जेमतेम जायचा. आणि आमच्या गावात घंटेशिवाय माणसाचं मरणसुद्धा पुरं होत नसे. रीत अशी होती, की कुणी गेलं की मयताची घंटा वाजायची. ज्याच्या कानावर ती पडेल त्यानं हातातलं काम जिथल्या तिथे थांबवायचं, जाणाऱ्या जिवासाठी प्रार्थना म्हणायची, आणि पसाभर तांदूळ घेऊन मयताच्या घरी जायचं. घंटा ऐकत ऐकत जिवाला वरची वाट सापडते, असं म्हणतात. वरचं देव जाणे, पण खाली मात्र घंटा वाजल्याशिवाय ना खांदा मिळायचा ना घरच्यांच्या चुलीला तांदूळ. निरोप गेला तरी लोक म्हणायचे, घंटा वाजू दे, मग निघू.

म्हणून गावानं ठरवलं की मोठी घंटा ओतायची, दूर खाजणात आणि खाडीवर ऐकू जाईल अशी.

दक्षिणेकडून एक ओतारी गलबतानं आला. त्यानं देवळामागे खड्डा खणला, मातीचा साचा केला, भट्टी लावली आणि गावाला सांगितलं की धातू तुम्ही द्यायचा. बाजारातला नको. ज्या भांड्यात तुम्ही रांधलं आणि ज्यातून तुम्ही प्यायलात असं घरातलं एकेक भांडं आणा. घरातलं भांडं आत गेलं तरच घंटा त्या घराचं सुखदुःख ओळखेल. मग वाडीतून हंडे आले, पराती आल्या, तांबे आले, कुणा म्हातारीनं आंदणात मिळालेलं पातेलं आणलं. मिठागरवाल्यांकडे मातीच्या मडक्यांखेरीज काही नव्हतंच. ते येऊन भात्यावर बसले आणि भट्टी फुंकत राहिले.

गावचा मुकादम होता लोरेस. देवळाच्या मागच्या बागा त्याच्या, खाजणातली भातशेती त्याची, मिठागरही त्याचंच. त्याच्या घरात तांब्यापितळेची एवढी भांडी होती की लग्नकार्याला सगळं गाव त्याच्याकडून मागून न्यायचं. ओताऱ्याचा माणूस त्याच्या दारात गेला तेव्हा मुकादम म्हणाला, की माझी भांडी गावाच्याच कामाला येतात, ती वितळवून कसं चालेल? मोठ्या माणसाची अक्कल बघा. द्यायचं नाही, आणि न देण्यातही उपकार करायचा.

सकाळपासून भट्टी पेटली होती, पण धातूचं पाणी काही होईना. हंडे काळे पडले, वाकले, पण वितळेनात. ओतारी कपाळाचा घाम पुसत म्हणाला की कुठल्या तरी घरचं यायचं राहिलंय. सगळ्यांनी मुकादमाच्या घराकडे बघितलं आणि लगेच दुसरीकडे बघितलं. तेवढ्यात खालून मिठागरातून एक बाई येताना दिसली. तीच कतरीनबाय. देवळाची घंटा वाजवणाऱ्या सांतान रुमावची बायको. मिठागरात तांब्याचं भांडं एकच होतं, तिच्या माहेरची तपेली, आणि त्यात सकाळची पेज शिजत होती. पेज पोरांना वाढून, तपेली घासायलाही न थांबता ती घेऊन आली होती. तिनं ती भट्टीत सोडली, आणि बघता बघता सगळा धातू पाण्यासारखा पातळ झाला, असं म्हणतात. त्या संध्याकाळपासून रुमावांच्या घरात मडक्यात पेज शिजू लागली.

घंटा साच्यातून निघाली ती अशी देखणी, की लोक तिला हात लावून बघत होते. सांत आनाच्या नावावरून तिचं नाव आना ठेवायचं ठरलं. आता आमच्याकडे घंटेचाही बाप्तिस्मा होतो. लेकराला जसे धर्मबाप आणि धर्ममाय असतात तसा घंटेलाही धर्मबाप लागतो. आणि इथे आमच्या लोकांनी ती चूक केली. अशी चूक करावी तर आम्हीच. ज्याच्या घरातून चमचासुद्धा आला नव्हता त्या लोरेस मुकादमाला त्यांनी आनाचा धर्मबाप केला. का, तर देवळाची कौलं त्यानं दिली होती, आणि मोठ्या माणसाला डावलायचं कसं? ज्यांनी भांडी दिली ते टाळ्या वाजवत मागे उभे राहिले. भाते फुंकून ज्यांचे हात भाजले होते ते अंगणाबाहेर उभे होते. मला विचाराल तर पुढचं सगळं पाप त्या टाळ्यांचं आहे.

कारण मुकादमानं ते धर्मबापपण फारच मनावर घेतलं. तो आनाला माझी लेक म्हणू लागला. आणि एका रविवारी त्यानं पाद्रीच्या तोंडून नेम वदवून घेतला: मोठी घंटा वाडीतल्या घरांसाठी, मिठागरवाल्यांसाठी धाकटी. पाद्री भला होता पण कण्याचा मऊ होता. नवी कौलं डोक्यावर असताना त्याला नाही म्हणवलं नाही. आणि वाडीवाले? त्यांनी खाली माना घालून प्रार्थनेचं पुस्तक चाळलं. त्यातल्या अर्ध्या लोकांना वाचताही येत नव्हतं.

नेमाचं फळ पहिल्याच पावसाळ्यात दिसलं. मिठागरातला म्हातारा पेद्रू गेला. जन्मभर त्यानं लोकांच्या मयतांना खांदा दिला होता. धाकटी वाजली, पण ती अंगणाबाहेर गेली कुठे? वाडीत कुणाला कळलं नाही, आणि ज्यांना कळलं त्यांनी ऐकलं नाही असं दाखवलं. मिठागरातले बाप्ये कामावर होते. शेवटी पेद्रूला बायकांनी खांद्यावरून नेलं, चिखल तुडवत, रडायलाही उसंत न मिळता. वाडीच्या वाटेवर माणसं सुपाऱ्या सोलत बसली होती. ती उठली, बघितलं, आणि मयत पुढे गेल्यावर परत बसली.

त्याच सुमारास सांतान रुमावही तापानं गेला. त्यालाही धाकटीच वाजली, आणि ती कतरीननं स्वतः वाजवली. दुसऱ्या दिवसापासून पहाटेची घंटा, दुपारची घंटा, संध्याकाळची घंटा तीच वाजवू लागली. पुष्कळ दिवस गावाला पत्ताच नव्हता, कारण दोर ओढणारा हात बाईचा आहे हे घंटेच्या आवाजात उमटत नाही. कळल्यावर मात्र वाडीतले कर्ते पुरुष तावातावानं पाद्रीकडे गेले. बाईमाणसानं देवळाचा दोर ओढायचा म्हणजे काय? पाद्रीनं विचारलं, तुमच्यातला पहाटे उठून कोण येतो सांगा, त्याच्या हातात दोर देतो. सगळ्यांना एकाएकी आपापल्या वाडीला पाणी घालायचं आठवलं, आणि दोर कतरीनकडेच राहिला.

कतरीनबाय कशी होती म्हणाल, तर ठेंगणी, काटक, आणि तोंडानं फटकळ. मिठागराच्या उन्हानं तिची टाच भेगाळलेली होती आणि दोरानं तळहात. ती फार बोलत नसे, पण बोलली की समोरच्याला दोन दिवस जेवण गोड लागत नसे. धाकटीचा दोर ओढताना तिचे दात एकमेकांवर घासायचे, असं म्हणतात. गावाला वाटलं, बाई नेम पाळते आहे. ती वाट बघत होती.

पुढच्या वर्षी श्रावणात उधाण आलं. असं उधाण जुन्या माणसांनीही बघितलं नव्हतं. खाडीचं पाणी बांधाला धडका देऊ लागलं आणि मुकादमाच्या शेताशी बांधाला खांड पडली. खारं पाणी आत घुसलं असतं तर त्याची पोटरीला आलेली सगळी भातं जळून गेली असती. मिठागरवाले धावले. चिखलाचे गोळे, पेंढा, झोपड्यांची दारं, हाताला लागेल ते खांडीत घालू लागले. पण पाणी काही थांबेना. तेव्हा दुमिंग नावाचा तरुण गडी खांडीत उतरला, पाठ पाण्याकडे करून उभा राहिला, आणि त्याच्या छातीशी इतरांनी चिखल रचला. खांड बुजली. भातं वाचली. दुमिंगला मात्र चिखलानं सोडलं नाही. त्याला बाहेर काढलं तेव्हा त्याच्यात जीव नव्हता. आई इनासबायचं ते एकुलतं एक लेकरू होतं.

कतरीन आधी मुकादमाच्या दारात गेली. ओल्या लुगड्यानं, पायऱ्यांखाली उभी राहून तिनं सांगितलं, "दुमिंग गेला, मुकादम. तुमचा बांध राखताना गेला. मी आना वाजवाला चालली हाय, तुमच्या कानावर घालून जाते."

मुकादम झोपाळ्यावर होता. तो म्हणाला की पोरगा चांगला होता, त्याच्या आईला तांदूळ पाठवतो, पण नेम तो नेम. मिठागराला धाकटी.

"खांड बुजवाला धाकटा मानूस चालला नाय तुमाला, अख्खा लागला," कतरीन म्हणाली, आणि पाठ फिरवून देवळाकडे चालू लागली.

तिनं आना वाजवली. वाऱ्यात, पावसात तो आवाज सगळ्या वाडीवर पसरला. लोकांनी कामं टाकली, प्रार्थना म्हटली, पसाभर तांदूळ पदरात बांधले आणि वाडीतलं कोण गेलं म्हणून एकमेकांना विचारत निघाले. खुद्द मुकादमाच्या घरात सगळे उठून उभे राहिले. झोपाळ्यावरून मुकादमही उठला, डोक्यावरचं काढलं आणि सवयीनं सगळी प्रार्थना म्हणून गेला. आमेन म्हटल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण कुणासाठी म्हटली. मिठागरातल्या गड्यासाठी केलेली प्रार्थना काही परत घेता येत नाही, आणि त्याचा जळफळाट तिथून सुरू झाला.

लोक मिठागराशी पोचले तेव्हा त्यांना कळलं की मयत दुमिंगचं आहे. काहींचे पाय अडखळले, हेही सांगायला हवं. पण हातात तांदूळ घेऊन मयताच्या दारातून मागे फिरणार कसं? दुमिंगला सगळ्या गावानं नेलं. इनासबायच्या झोपडीत तांदळाचा ढीग पडला.

दुसऱ्या सकाळी मुकादमानं गडी पाठवले. त्यांनी आनाच्या पोटातला लोखंडी लोलक काढला. आम्ही त्याला घंटेची जीभ म्हणतो. ती जीभ त्यांनी उचलून नेली आणि मुकादमाच्या कणगीत, भाताखाली पुरून ठेवली. यापुढे वाडीत मयत झालं की मुकादमाचा माणूस जीभ घेऊन येईल, वाजवून झाली की काढून नेईल, असा नवा नेम झाला. पाद्रीनं त्या दिवशी आजारी असल्याचं कळवलं. वाडीवाले म्हणाले, वाईट झालं, पण आपण काय करणार? हे वाक्य आमच्या गावात अजून फार चालतं. कतरीनबाय देवळाच्या अंगणात उभी होती. गडी लोलक घेऊन जाताना तिनं एवढंच म्हटलं, "असा बाप बघितला नव्हता. लेकीची जीभ कापून घरात नेतो."

इनासबाय मुलामागे फार दिवस जगली नाही. एका दुपारी ती गेली. आनाला जीभ नव्हती, आणि धाकटीचा दोर कतरीननं हातात घ्यायला नकार दिला. ती आपल्या झोपडीत गेली आणि भात कांडायचं मुसळ घेऊन बाहेर आली. खालच्या टोकाला वसवी, म्हणजे लोखंडी कडं, बसवलेलं ते जड मुसळ खांद्यावर टाकून ती घंटाघराच्या पायऱ्या चढली. घंटेसमोर उभी राहिली, लुगड्याचा पदर खोचला, आणि रोज उखळात घालते तसा घाव तिनं आनावर घातला.

तो आवाज कसा होता याबद्दल गावात अजून वाद आहेत. कुणी म्हणतं गडगडाटासारखा, कुणी म्हणतं रडल्यासारखा. पण एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत आहे. ज्या ज्या घरानं भट्टीत भांडं दिलं होतं, त्या त्या घरातली उरलेली भांडी फळीवर बसल्या जागी वाजू लागली. हंडे घुमू लागले, पराती थरथरू लागल्या. आपल्यातलीच भावंडं बोलवत असल्यासारखी ती साद देत होती, असं म्हणतात. मिठागरातली मडकीसुद्धा गुणगुणली. खाडीपलीकडच्या कोळ्यांनी जाळी ओढायची थांबवली. फक्त मुकादमाच्या घरात, तांब्यापितळेनं भरलेल्या त्या घरात, एकही भांडं हललं नाही. त्याच्या बायकोनं हंड्याला कान लावून बघितला. आत मुकं होतं.

त्या दिवशी वाडीतून माणसं आली ती कोण गेलं हे न विचारता आली. मुकादमानं संतापून घंटाघराच्या दाराला कुलूप घातलं. कतरीन रोज त्या कुलपासमोरून जायची आणि त्याच्याकडे बघायचीही नाही.

आणि मग मुकादमाची आई गेली. रोजाबाय तिचं नाव. ती म्हातारी मायाळू होती, मिठागरातल्या बाळंतिणींना लपवून तूप पाठवायची. मुकादमानं कुलूप काढलं, कणगीतून जीभ आणवली, आपल्या देखरेखीत आनाच्या पोटात बसवली आणि गड्याला दोर ओढायला सांगितलं. गड्यानं ओढला. आना झुलली. लोलक एका बाजूला आदळला, दुसऱ्या बाजूला आदळला. आवाज आला नाही. चिखलावर दगड पडावा तसं काहीतरी झालं. आणखी दोन गडी आले, तिघांनी मिळून ओढलं, दोर तुटला. आना तोंड उघडं ठेवून गप्प झुलत राहिली, असं म्हणतात.

गावाला रोजाबाय गेल्याचं ठाऊक होतं. अशा गोष्टी काय लपतात? पण रीत ती रीत. घंटा वाजल्याशिवाय निघायचं कसं? ज्या रीतीमागे मुकादम लपला होता तिच्याचमागे आता सगळं गाव लपलं. मोठ्या घरात म्हातारी एकटी पडून होती, मेणबत्त्या जळून खाली आल्या, आणि अंगणात चिटपाखरू नव्हतं. खरं सांगतो, इथे मला मुकादमाचा राग येतो आणि गावाचाही येतो. त्या म्हातारीनं कुणाचं काय केलं होतं?

कतरीनबायलाही तेच वाटलं असावं. ती आपल्या दारात जाळीवर सुकी मासळी पसरत होती. मुकादम अनवाणी मिठागरात उतरला तो जन्मात पहिल्यांदा. झोपड्यांमधली माणसं दारात येऊन उभी राहिली. वाजवते म्हणाली असती तर त्यांनी सोसलेला अपमान वाया गेला असता, आणि नाही म्हणाली असती तर रोजाबाय म्हाताऱ्या पेद्रूसारखी गावाविना जाणार होती. सगळ्यांचं लक्ष तिच्या तोंडाकडे होतं.

"आई गेली, कतरीन," मुकादम म्हणाला.

"ठाव हाय."

"आना बोलत नाय."

"कशी बोलंल? तिच्यात तुझ्या घरचं काय हाय?" कतरीन म्हणाली. त्याला ती आयुष्यात पहिल्यांदा अरेतुरे करत होती. "तुझ्या आईशी माझं भांडण नाय, मुकादमा. मेलेल्याशी कुनाचंच नसतं. माझं भांडण जित्याशी हाय. तिची घंटा मी वाजवीन. पन मुसळ तिच्या घरचं पायजे. आनि ते गड्यानं नाय, तू आनायचं. वाडीतनं, सगळ्यांच्या दारावरनं, खांद्यावर घेऊन."

मुकादम घरी गेला. स्वयंपाकघरामागच्या उखळाजवळचं मुसळ त्यानं उचललं. ते त्याच्या गड्यांच्या बायकांनी झिजवलेलं होतं, त्यानं कधी हातात धरलं नव्हतं. ते खांद्यावर घेऊन तो वाडीच्या वाटेनं निघाला. सुपाऱ्या सोलणारी माणसं उठून उभी राहिली. कुणी हसलं नाही. घंटाघराशी कतरीन त्याच्या पुढे पायऱ्या चढली. वर गेल्यावर तिनं आधी आनाच्या पोटातली जीभ सोडवायला लावली, मुकादमाच्याच हातांनी. मग त्याचं मुसळ हातात घेऊन तिनं घाव घातला, आणि आना बोलली. रोजाबायला सगळ्या गावानं नेलं. मिठागरवाले सर्वांत आधी आले होते.

ती लोखंडी जीभ कतरीननं संध्याकाळी खांडीच्या जागी, दुमिंग गेला तिथे, खाडीत टाकली. पाद्री हळूच म्हणाला की नवीन जीभ करून घेऊ. कतरीन म्हणाली, जी जीभ कुणाच्या तरी कणगीत कोंडता येते ती आनाला नको. आणि मुकादम सुधारला का, असं पोरं मला विचारतात. नाही सुधारला. त्यानं ना माफी मागितली ना एखादं भांडं दिलं. म्हातारा होईपर्यंत तो ती माझी लेक म्हणतच राहिला. पण घंटाघराला पुन्हा कुलूप घालायची त्याची छाती झाली नाही. तो मेला तेव्हाही त्याच्या घरच्या मुसळानं आनाच वाजली, आणि वाजवणारी कतरीनच होती. दात घासत वाजवली, असं म्हणतात.

कतरीनबाय गेली त्या दिवशी तिच्या घरचं मुसळ झिजून टीचभर उरलं होतं. मग वाडीतल्या आणि मिठागरातल्या प्रत्येक घरातून बायका आपापलं मुसळ घेऊन आल्या. घंटाघराच्या पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नव्हती. एकीनं घाव घालायचा, बाजूला व्हायचं, दुसरीनं पुढे यायचं. दिवस मावळेपर्यंत आना थांबली नाही, आणि त्या दिवशी करंजबावात कुणाच्याही घरात भात कांडला गेला नाही.

आता मिठागरं गेली. भात गिरणीत कांडून येतो, झोपड्यांच्या जागी सिमेंटची घरं झाली, वाडीत भाड्यानं राहायला कुठून कुठून माणसं आली. तरी आमच्याकडे नव्या घराच्या दारामागे एक मुसळ उभं असतं. त्यानं कुणी काही कांडत नाही. घरातलं माणूस गेलं की घरची बाई तेच मुसळ घेऊन घंटाघर चढते. सगळ्यांना आनाच, सगळ्यांना तितकेच घाव. मध्ये कुणा सुधारकाच्या डोक्यात आलं की ध्वनिक्षेपक लावू, गेलेल्याचं नाव, घर, सगळं नीट सांगू, म्हणजे लोकांना कळेल जायचं की नाही. जायचं की नाही! त्याला आमच्या बायकांनी जे ऐकवलं ते इथे सांगण्यासारखं नाही. तो ध्वनिक्षेपक आता फुटबॉलच्या सामन्यांना वापरतात.

गेल्या उन्हाळ्यात इमारतीच्या कामावरचा एक मजूर गेला. परमुलखातला, आमच्या धर्माचाही नव्हता. त्याचं नाव मुकादमाला नीट येत नव्हतं, म्हणजे आताच्या बांधकामावरच्या मुकादमाला. त्याला घर नव्हतं, तर मुसळ कुठलं असणार? शेजारच्या घरातली बाई आपलं घेऊन निघाली. आना वाजली. दुकानातली माणसं उठली, रिक्षा थांबल्या, आणि माझ्यासारखा म्हाताराही काठी शोधू लागला.

घंटाघराखाली उभं राहून कुणीतरी नवखा ओरडला, कोण गेलं? आमच्याकडे या प्रश्नाला वरून उत्तर देत नाहीत. कतरीनबायनं कधी दिलं नाही, तिच्यानंतर कुणी दिलं नाही. आनाच्या आवाजावरून मोठा गेला की लहान, वाडीतला की बाहेरचा, हे कुणालाही कळत नाही. म्हणून सगळ्यांना जावं लागतं. त्या बाईनं मुसळ खांद्यावर घेतलं, खाली वाकून बघितलं आणि म्हणाली, "येऊन बघ."